अंगणात लाइट लावताय? आधी जुलै महिना आठवा

आमचं नेरूळला छोटं रो हाऊस आहे, पुढे साधारण १२ बाय २० फुटांचं अंगण, त्यात सासूबाईंची तुळस, एक पांढरा चाफा, कढीपत्ता, जास्वंद, भिंतीला लागून सोनटक्का आणि बाकी सगळ्या कुंड्याच कुंड्या. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मी डोक्यात घेतलं की बागेत लाइट लावायचेच, मग काय, ऑनलाइन ८ स्पाइक लाइट (खाली टोक असलेले, मातीत खोचायचे) मागवले, ओळखीतल्या एका वायरमनला बोलावलं, त्याने दोन तासांत बाहेरच्या बोर्डातून वायर काढून मातीत चार बोटं खाली दाबून दिली, जॉइंटला काळी टेप गुंडाळली, झालं काम. दिवाळीत अंगण इतकं भारी दिसत होतं की येणारा प्रत्येक जण फाटकातच थांबून फोटो काढत होता. मग जून आला. पहिल्याच मोठ्या पावसात रात्री २ वाजता अख्ख्या घराची लाइट गेली, फ्रीज बंद, पंखे बंद, बाबा टॉर्च घेऊन बोर्डासमोर उभे, खटका वर केला की परत खाली पडतोय. सकाळपर्यंत सगळे घामाघूम. कारण निघालं काय तर कढीपत्त्याजवळच्या एका स्पाइकच्या जॉइंटमध्ये पाणी.

त्यानंतर सगळं उकरून परत केलं, यावेळी नीट विचारून, मोजून. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत चार महिने नुसता पाऊस, बाकी आठ महिने खाडीची खारी दमट हवा, त्यामुळे परदेशातले व्हिडिओ बघून केलेलं काम इथे पहिल्या पावसाळ्यात उघडं पडतं. लाइट निवडताना, वायर टाकताना, जॉइंट करताना एकच विचारायचं, जुलैमध्ये याचं काय होणार.

खरेदीच्या आधी एक रात्र टॉर्च घेऊन अंगणात घालवा. खरंच सांगते, हे फुकटचं काम आहे आणि सगळ्यात उपयोगी. आठ-साडेआठला घरातले आणि फाटकावरचे सगळे लाइट बंद करायचे आणि बघायचं की मुळात किती अंधार आहे. आमच्याकडे रस्त्यावरच्या पोलचा एवढा उजेड येतो की अर्धं अंगण आधीच उजळलेलं असतं, तिथे लाइट लावून काही फायदाच नव्हता आणि मी पहिल्या वेळी नेमके तिथेच तीन लावले होते. मग कोणाला तरी मोबाइलचा टॉर्च घेऊन झाडाखाली बसवा, खालून वर मारा, बाजूने मारा, भिंतीवर मारा, झाडाच्या मागून मारा, आणि तुम्ही फाटकापाशी, ओट्यावर आणि हॉलच्या खिडकीत अशा तीन ठिकाणी उभं राहून बघा. खिडकीतून बघणं विसरू नका कारण पावसाळ्यात बाग तुम्ही खिडकीतूनच बघणार. आमचा चाफा समोरून मारला की सपाट दिसायचा, बुंध्यापासून दीड-दोन फुटांवरून तिरका वर मारला की त्या वाकड्यातिकड्या फांद्यांच्या सावल्या भिंतीवर पडायला लागल्या, तेव्हाच ठरलं की इथे एक पक्का.

बाकी लाइट कमीत कमी. पायऱ्या, फाटकाची कडी, जिथे पाय घसरतो ती फरशी, एवढ्या जागा आधी, कारण त्या गरजेच्या आहेत. मग एखाद-दोन झाडं. ८ वरून मी ५ स्पाइक आणि पायरीशी लावायच्या २ छोट्या फूट लाइटवर आले आणि अंगण आधीपेक्षा चांगलं दिसतं, सगळीकडेच उजेड असला की बघायचं कुठे हेच कळत नाही. तुळशीजवळ मी एक छोटा लाइट ठेवणार होते तर सासूबाई म्हणाल्या, "अगं तिथे दिवा मी लावते ना रोज, तुझा लाइट कशाला?" आणि बरोबरच होतं त्यांचं, वृंदावनाभोवती मुद्दाम अंधार ठेवलाय, संध्याकाळी तेवढी एकच वात दिसते.

रंगाचं म्हणाल तर डोळे झाकून वॉर्म व्हाइट, म्हणजे खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं ते. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र घेतला की पानं निळसर पडतात आणि अंगण मेडिकलच्या दुकानासारखं दिसतं. दुसरं म्हणजे किडे. पहिल्या पावसानंतर ते पंखवाले किडे येतात ना, वाळवीचे, संध्याकाळी झुंडीने येतात आणि सकाळी ओटाभर नुसते पंख, त्यांना आणि बाकीच्या बऱ्याच किड्यांना निळसर पांढरा उजेड जास्त ओढतो, पिवळट कमी. अजिबात येत नाहीत असं नाही, त्या दिवशी अर्धा-पाऊण तास बाहेरचं सगळं बंद ठेवायचं हाच उपाय. आणि सगळे लाइट एकाच केल्विनचे घ्या, एक पिवळा एक पांढरा असं मिक्स झालं की चुकून झाल्यासारखं दिसतं.

वॅट जास्त नको. पायवाटेला आणि पायऱ्यांना २-३ वॅट पुरतात, १२-१५ फुटांच्या झाडाला ५ ते ७ वॅट खूप झाले. बीम अँगल, म्हणजे उजेड किती पसरतो, तो पण बघा, उंच सडसडीत झाडाला १५-२४ डिग्रीचा, पसरट झाडाला किंवा भिंतीला ३६-६० चा. आणि तोंड नेहमी कशावर तरी आपटेल असं ठेवा, भिंतीवर, पानांवर, बुंध्यावर. सरळ आभाळात गेलेला उजेड तुमच्या काही कामाचा नसतो. आमच्या इथून खाडी जवळ, हिवाळ्यापासून मे पर्यंत फ्लेमिंगो असतात, ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलं, तर रात्री उडणाऱ्या पक्ष्यांच्या डोळ्यात फोकस मारायचं काही कारण नाही. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तर जंगलाच्या बाजूचा उजेड बंदच ठेवलेला बरा. आणि पक्षी राहू द्या, शेजारी आहेतच. माझा पहिला फाटकावरचा हॅलोजन (एलईडीच होता, पण आपण सगळ्याच फोकसला हॅलोजन म्हणतो) समोरच्या काकांच्या बेडरूममध्ये जायचा, ते बिचारे आठवडाभर काही बोलले नाहीत, मग एक दिवस दूध आणताना हळूच, "वहिनी, तुमचा फोकस जरा खाली करता येईल का हो, आम्हाला रात्रभर सकाळ झाल्यासारखं वाटतं." मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा वर टोपी असलेला, खाली उजेड टाकणाराच लाइट घ्या.

आता करंटचं, इथे थोडं थांबून वाचा. बागेत दोन प्रकारे लाइट लावता येतात, एक म्हणजे सरळ २३० व्होल्टचे आणि दुसरे १२ किंवा २४ व्होल्टचे, ज्यांना घरातून एक ड्रायव्हर, म्हणजे २३० चे १२ किंवा २४ व्होल्ट करणारा डबा, लागतो. बाजारात जे स्वस्त स्पाइक मिळतात त्यातले बरेच २३० चे असतात, मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय घेऊ नका, मी वाचलं नव्हतं. ओल्या मातीत, जिथे पोरं अनवाणी फिरतात आणि माळी कुदळ मारतो, तिथे २३० व्होल्ट कशाला न्यायचे? फाटकाच्या खांबावर, घराच्या भिंतीवर, जिथे पक्की वायरिंग आहे तिथे २३० चालेल, पण मातीत जे काही खोचायचं ते कमी व्होल्टचंच. वायर तुटली, पाणी गेलं, तरी जिवावर बेतत नाही.

१२ घ्यायचे की २४? जमलं तर २४. कारण कमी व्होल्टेजला वायर लांब गेली की पुढे पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. हिशोब सोपा आहे, १.५ स्क्वेअर एमएमची कॉपर वायर २० मीटर लांब टाकली तर करंट जाऊन परत येतो म्हणजे ४० मीटर, तिचा रेझिस्टन्स होतो साधारण अर्धा ओहम. समजा शेवटाला ४० वॅटचा लोड आहे. १२ व्होल्टवर त्याला ३.३ अँपिअर लागतात, म्हणजे दीड-पावणेदोन व्होल्ट वायरीतच गेले आणि शेवटच्या लाइटला साडेदहाच्याही खाली मिळतात, तो मिणमिणणार. तेच २४ वर करंट निम्मा, पडझड पाऊण-एक व्होल्टची, २४ मधून तेवढे गेले तर कळतही नाही. १२ चेच लाइट आणून ठेवले असतील तर २.५ स्क्वेअर एमएमची वायर टाका किंवा एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी शेपटी न करता मधोमध एक बॉक्स करून तिथून सगळीकडे फाटे काढा. वायर मात्र अस्सल कॉपरचीच, त्यात पैसे वाचवू नका. वाचवायचेच असतील तर लाइटच्या स्टाइलमध्ये वाचवा, रात्री फिटिंगची डिझाइन कोणालाही दिसत नाही.

ड्रायव्हर घेताना पूर्ण भरायचा नाही, ६० वॅटचा असेल तर ४५-४८ च्या वर लोड नको. आणि तो ठेवायचा घरात किंवा ओट्याच्या छपराखाली, जिथे पाऊस तिरका आला तरी पोचणार नाही आणि हवा मात्र खेळेल. वॉटरप्रूफ ड्रायव्हर मिळतो म्हणून लोक तो बंद डबीत कोंबतात, मग तो तापून मरतो.

२३० ची जी बाजू आहे ती लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, स्वतः हात घालू नका. पण त्याला काय सांगायचं ते तुम्हाला माहीत हवं. बाहेरच्या लाइनसाठी वेगळा एमसीबी (शॉर्ट किंवा जास्त लोड झाला की पडणारा खटका) आणि वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (बरेच जण अजून ईएलसीबीच म्हणतात). फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यात फरक पडला, म्हणजे कुठेतरी जमिनीत किंवा माणसात गळतोय, की हा ट्रिप होतो. आमच्याकडे घराला एकच होता, म्हणून बागेतल्या एका थेंबाने फ्रीज बंद पाडला, आता बागेचा वेगळा आहे, पडला तर बागच जाते. आणि एक बारीक गोष्ट, जी आमच्या दुसऱ्या वायरमनने सांगितली, "ताई, नुसता फेज वेगळा काढून चालत नाही, त्या लाइनचा न्यूट्रल पण त्याच आरसीसीबीतून गेला पाहिजे, घरच्या न्यूट्रलला जोडला की विनाकारण ट्रिप मारत बसतो." अर्ध्या घरांत हाच घोळ असतो म्हणे. धातूच्या बॉडीचा कुठलाही २३० चा लाइट असेल तर तीन कोरची वायर आणि अर्थिंग हवंच, दोन वायरी जोडून "चालतंय की" म्हणणाऱ्याला परत पाठवा.

मातीत वायर टाकण्याबद्दल. घरात भिंतीत घालतात ती साधी एक कोरची वायर उघड्यावर किंवा थेट मातीत अजिबात नको, वरून जाड आवरण असलेली गोल केबल घ्यायची आणि तीही काळ्या एचडीपीई पाइपमधून. कमी व्होल्टची असेल तर वीतभर, म्हणजे ८-९ इंच खोल पुरे, २३० ची केबल खरंच न्यायचीच असेल तर आर्मर्ड (आत लोखंडी तारांचं कवच असलेली) आणि दोन-अडीच फूट खोल, वर विटांचा थर. पाइप लागतो तो फक्त कुदळीसाठी नाही, घुशींसाठी. नवी मुंबईत ज्याच्याकडे माती आहे त्याच्याकडे घूस आहेच आणि केबल कुरतडायला तिला भारी आवडतं. पाइप टाकताना आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढे एखादी वायर वाढवायची झाली तर परत खणावं लागत नाही. आणि पाइपच्या आत जॉइंट कधीच करायचा नाही, कारण पाइपमध्ये पाणी जाणारच, कितीही तोंडं बंद केली तरी जाणार, हे धरूनच चाला. माती परत लोटायच्या आधी मोजायची टेप अंथरून, भिंतीपासून किती फुटांवर वायर आहे ते दिसेल असे फोटो काढून ठेवा, माळी बदलला की हेच फोटो कामाला येतात.

जॉइंट. सगळा खेळ इथेच हरतो किंवा जिंकतो. काळी इन्सुलेशन टेप पाण्यासाठी नाहीच, दोन पावसात तिचा गोंद सुटतो. जॉइंट जमिनीच्या वर आणायचा, भिंतीवर निदान फूटभर उंच, आयपी ६५ च्या (हा आकडा काय ते पुढे सांगते) बॉक्समध्ये, केबल बॉक्समध्ये खालच्या बाजूने शिरली पाहिजे, आणि शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ द्यायचा म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी तिथूनच टपकून जातं. शिरते तिथे ग्लँड, म्हणजे केबलभोवती आवळायची रबरवाली चकती, घट्ट बसवायची. अगदीच जमिनीलगत जॉइंट करावा लागला तर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) किंवा जेल भरलेले कनेक्टर. स्पाइक लाइटसोबत जी फूटभर शेपटी येते तिथेच सगळी गडबड असते, लाइट आयपी ६७ आणि जॉइंट शून्य.

आयपी नंबरचं थोडक्यात, पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे शिंतोडे, छपराखालच्या ओट्यावर ठीक. ६५ म्हणजे पाइपने पाणी मारलं तरी चालेल, उघड्यावर कमीत कमी हा. ६७ म्हणजे १ मीटरपर्यंतच्या पाण्यात ३० मिनिटं. तीसच मिनिटं हो, आणि आपल्याकडे जुलैत मातीत पाणी चार-चार दिवस तुंबतं. म्हणून फरशीत गाडायचे गोल लाइट मी तरी टाळले, लावायचेच असतील तर खाली निदान वीतभर खडी घालून पाणी जायला वाट ठेवा. अजून एक गंमत, लाइट चालू असताना आतली हवा तापते, बंद केला की थंड होऊन आकसते आणि बाहेरची ओल आत ओढते, केबलच्या बारीक तारांमधून सुद्धा. काचेच्या आत धुकं दिसतं ते त्यामुळे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाडीच्या हवेत साधे स्क्रू एका वर्षात गंजून जाम होतात आणि लाइट उघडताच येत नाही.

चालू-बंद करायला माणूस ठेवू नका, विसरतो. साधा टायमर लावला तर डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य ६ ला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला ७:२० ला, त्यामुळे दर दोन महिन्यांनी तो बदलत बसावं लागतं. डे-नाइट सेन्सर बरा, पण भर पावसात दुपारी काळोख झाला की तो तीन वाजताच पेटतो. आम्ही सूर्यास्त स्वतः मोजणारा टायमर लावलाय, रात्री ११ ला सगळं बंद, फाटकाजवळ फक्त मोशन सेन्सरचा एक. खर्च म्हणाल तर आमचा सगळा मिळून ५० वॅट लोड, रोज ५ तास धरले तर महिन्याला साडेसात युनिट, महावितरणच्या बिलात शोधूनही सापडत नाही.

सोलर? ज्यांना खणायचं नाही किंवा भाड्याचं घर आहे त्यांच्यासाठी चांगले, पण पॅनलवर सरळ ऊन पडायला हवं, आंब्याखाली लावून उपयोग नाही, आणि पावसाळ्यात रात्री ९ ला झोपतात. बॅटरी बदलता येते का ते घेताना बघा, नाहीतर दोन वर्षांनी आख्खा लाइट कचऱ्यात.

फ्लॅटवाल्यांसाठी, म्हणजे घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बाल्कनी किंवा टेरेस असलेल्यांसाठी, खणण्याचा प्रश्न नाही पण ड्रिलचा आहे. टेरेसच्या स्लॅबला किंवा कठड्याच्या वरच्या बाजूला भोक मारू नका, वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या मजल्यावर गळती आणि मग सोसायटीची मीटिंग. रंगाच्या रिकाम्या बादलीत सिमेंट भरून पाइप उभा करा, त्यावर माळ लटकवा. दर्शनी भिंतीवर काही लावायच्या आधी सोसायटीला विचारा. उंचावर वारा फार असतो, लटकतं काही असेल तर दोन्हीकडून बांधा.

सामान कुठून? थोडं हवं असेल तर वाशी सेक्टर १७ किंवा ठाणे स्टेशनचा परिसर पुरतो. सगळंच घ्यायचं असेल तर नेरूळहून हार्बर पकडून सीएसएमटी आणि तिथून चालत क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ, तिथे लाइट हातात घेऊन, पेटवून, वजन बघून घेता येतो. हलका लागला तर समजायचं आत उष्णता शोषायला अ‍ॅल्युमिनियमच नाही.

दरवर्षी मेच्या शेवटी तासभर काढा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो खरंच पडतो का ते बघा (खरं तर दर महिन्याला दाबायला हवं), बॉक्स उघडून आतल्या मुंग्या झटका, पाल आत जाऊन टर्मिनलवर मरते आणि शॉर्ट होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ग्लँड आवळा, लाइटवर आलेल्या फांद्या छाटा. आणि दिवाळीच्या माळा तुळशीच्या लग्नानंतर काढून ठेवा, त्या पावसासाठी बनलेल्याच नसतात.

इतकं करूनही एखाद्या रात्री काही तरी होणारच. २३० चा आरसीसीबी पडला तर पावसात बाहेर जाऊन कशालाच हात लावायचा नाही, तो पडलेलाच राहू दे, सकाळी वायरमन. २४ व्होल्टच्या बाजूला शॉर्ट असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर उघडझाप करायला लागतो, सगळे लाइट सेकंदभर लागतात आणि जातात. तेव्हा ड्रायव्हर बंद करायचा, मधल्या बॉक्समधून सगळे फाटे सोडवायचे आणि एकेक जोडून परत चालू करत जायचं, ज्याला जोडल्यावर उघडझाप सुरू होते तो गुन्हेगार, त्याला बाजूला ठेवून बाकीचे चालू ठेवा. मी सुरुवात नेहमी कढीपत्त्याजवळच्यापासून करते.